नग किती?

घरोघरी सकाळी 'पोहे झाले' म्हणतात आणि 'उपमा झाला' म्हणतात. पोह्यांचे दाणे कुणी मोजत नाही, रव्याचेही नाही. तरी पोहे अनेकवचनी आणि उपमा एकवचनी. काय मोजायचं आणि काय नाही, हे वस्तू ठरवत नाही, भाषा ठरवते. इंग्रजी नामं शिकवताना नेमकी हीच गोष्ट आपण मुलांना सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे सुरुवात होते ती प्रकारांच्या यादीने. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲब्स्ट्रॅक्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नेसफिल्डच्या व्याकरणाच्या काळापासून ही पाच नावं पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली आहेत. मग सुटे शब्द देऊन 'प्रकार ओळखा'. शेजारची आठवीतली मुलगी परवा असाच स्वाध्याय घेऊन बसली होती. 'ग्लास'पुढे तिने आधी 'मटेरियल' लिहिलं, खोडलं, मग 'कॉमन' लिहिलं, तेही खोडलं. मुलगी हुशार आहे. अडचण प्रश्नातच आहे. खिडकीची काच या अर्थी 'ग्लास' हा पदार्थ, त्याच्याआधी 'अ' लागत नाही. 'अ ग्लास' म्हटलं की तो पाण्याचा पेला, आणि त्याचं 'ग्लासेस' होतं. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेतला पेपर. नोकरीच्या अर्जात लिहायचा 'एक्सपीरियन्स' एकवचनी, प्रवासात आलेले बरेवाईट 'एक्सपीरियन्सेस' अनेकवचनी. वाक्यातून उपटून काढलेल्या अशा शब्दाचा प्रकार मुलीने सांगायचा तरी कसा?

लिहिताबोलताना खरी गरज पडते ती एका भेदाची: नाम मोजता येणारं की न येणारं. 'मेनी' की 'मच', 'फ्यू' की 'लिटल', 'अ' लावायचा की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांचं अनेकवचन होत नाही. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असला तरी 'न्यूज इज'च. तरी दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' दिसतंच.

मराठी मुलाला हे जड जायचं काही कारण नाही. 'माहिती'चं 'माहित्या' कुणी करत नाही. सामानही आपण मोजत नाही. स्टँडवर हमाल विचारतो, 'नग किती?', आणि आपण सांगतो, 'चार नग.' इंग्रजीत 'पीस' नेमकं हेच काम करतो: 'फोर पीसेस ऑफ लगेज'. लसणाची पाकळी तशी 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', साबणाची वडी तशी 'अ बार ऑफ सोप'. ही जाण मुलाच्या कानात आधीपासून आहे, तिला फक्त हाक मारायची. दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात तेवढंच लक्षात ठेवायला सांगावं. सल्ले आणि बातम्या आपण मोजतो, इंग्रजी मोजत नाही. डोक्यावरचे केस आपल्याला अनेकवचनी, त्यांचं 'हेअर' एकवचनी. पण आमटीत सापडलेला एक केस मात्र 'अ हेअर'.

हा भेद कायमचाही नसतो. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीज' म्हणत, एकवचनीच. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा असावा असं लोकांना वाटू लागलं आणि सतराव्या शतकाच्या सुमारास तो काढून 'पी' हे नवं एकवचन तयार झालं. आज तेच शुद्ध आहे. आपणही 'मटार स्वस्त झाला' म्हणतो आणि वाटाणे भिजत घालतो.

राहिला प्रश्न नाम ओळखायचं कसं. मराठीत प्रत्यय लावून पाहता येतं: घोडा, घोड्याला, चालणं, चालण्याला. सामान्यरूप झालं की बहुधा नाम हाती लागतं. इंग्रजीतल्या नामांच्या जुन्या विभक्ती झडून गेल्या. उरलं अनेकवचन आणि षष्ठीचं काम करणारा 'ॲपॉस्ट्रॉफी एस'. म्हणून तिथे नाम जागेवरून ओळखायचं. 'बुक अ टिकिट'मध्ये 'बुक' क्रियापद, 'माय बुक'मध्ये नाम. 'रन फास्ट'मधला 'रन' क्रियापद, फलंदाजाने काढलेला 'अ रन' नाम. 'व्यक्ती, वस्तू किंवा स्थळाचं नाव' ही व्याख्या घोकलेल्या मुलाला तो 'रन' यातलं काहीच वाटत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या लवकर सुरू होणाऱ्या विषयात तरी सुट्या शब्दांचे स्वाध्याय बंद व्हावेत. 'लाइट' हा शब्द द्यावा आणि दोन वाक्यं करायला सांगावीत, एकात आधी 'अ' लावून, एकात न लावता. एकात दिवा येईल, दुसऱ्यात उजेड. पाचवीच्या मुलांनाही ते जमेल.