पाड्यावरच्या पोरांच्या हाती चित्रपुस्तकं द्या

शहापूर-मुरबाडच्या अंगणवाड्यांत खाऊ येतो, वजनकाटा येतो, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो. तीन वर्षांच्या मुलाने स्वतः पानं उलटावीत असं चित्रांचं पुस्तक मात्र क्वचितच दिसतं. हे आपण किती काळ चालवून घेणार?

१. चित्रपुस्तक म्हणजे शहरी चैन, हा समज आधी सोडू. ताराबाई मोडकांनी १९४५ साली अनुताई वाघांच्या साथीने बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडला नेलं. आदिवासी मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा बाणा. कोसबाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. ज्या जिल्ह्याने देशाला अंगणवाडीची वाट दाखवली, तिथलं मूल पुस्तकाला हातही न लावता पहिलीत जावं, ही आपली नामुष्की आहे.

२. पहिलीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून आपण गुरुजींना जाब विचारतो. पण पुस्तक सुलटं कसं धरायचं, एका चित्रातून पुढच्या चित्रात गोष्ट कशी सरकते, ही समज अक्षरांच्या आधी यायला हवी. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठी परकी वाटते. चित्रातलं उड्या मारणारं माकड परकं वाटत नाही. शब्दच नसलेलं चित्रपुस्तक तर निरक्षर आजीही आपल्या बोलीत रंगवून सांगेल. ते घरात न पोहोचवणं म्हणजे आजीला नातवाच्या शिक्षणातून हद्दपार करणं.

३. राक्षसाची पुस्तकं म्हटली की काही जण बिचकतात: पोर घाबरेल! मुलांना घाबरवायला आपल्याला पुस्तक कधी लागलं? जेवत नाही, झोपत नाही, की लगेच बागुलबुवाला हाक मारतो ते आपणच. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकात अक्राळविक्राळ प्राणी एका लहानग्याला आपला राजा करतात. त्यावरही भीतीचाच आक्षेप घेतला गेला; मुलांनी मात्र ते पुस्तक उराशी धरलं. पोर कसं वागतं ते नीट बघा. चित्रातल्या सुळ्यावर बोट ठेवतं, झटकन मागे घेतं, खिदळतं आणि पुन्हा तेच पान काढायला लावतं. पान मिटलं की राक्षस गायब, ही सत्ता त्याच्या हातात असते. वाघोबाला नवस बोलणाऱ्या, बिबट्याच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या पाड्यांना भय आणि माया एकत्र नांदतात हे कुणी शिकवायला नको. बंद करायचाच असेल तर बागुलबुवाचा धाक बंद करा.

४. मराठीत पुस्तकंच नाहीत, ही सबबही चालणार नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. उणीव आहे ती आपल्या रानातल्या शेकरूची, भेकराची, ओढ्यातल्या खेकड्याची. ती आपल्या शिक्षकांनी आणि चित्रं काढणाऱ्या तरुणांनीच भरून काढायची आहे.

५. आता अंगणवाडीत पुस्तकांच्या कपाटाला लागणारं कुलूप. फाटक्या पानाचा हिशेब सेविकेकडे मागितला जात असेल, तर ती कुलूप लावणारच. दोष तिचा नाही. लहान मुलांच्या हातात पुस्तकं फाटणार, हे गृहीत धरूनच दरवर्षी नवी घ्यायला हवीत. पैसा कुठून? ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना मिळणारा पाच टक्के अबंध निधी शिक्षणासाठीही वापरता येतो. आणि पुस्तकं अंगणवाडीतच अडकू नयेत: दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या बोचक्यात पोराची चार पुस्तकंही जायला हवीत. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सरपंचांना उभं राहून विचारा: आपल्या अंगणवाडीत चित्रपुस्तकं किती, त्यांतली मुलांच्या हाताला लागतील अशी किती, आणि या महिन्यात घरी किती गेली? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.