निजलेल्या इंजिनास जागें करतांना

या सदरांत आजवर शिवणयंत्र, भिंतीवरचें घड्याळ, विहिरीवरचा पंप अशीं घरांतलीं लहानमोठीं यंत्रें येऊन गेलीं. या खेपेस जरा मोठें यंत्र घेतलें आहे. पुष्कळ जुन्या घरांच्या मागील अंगणांत, पत्र्याच्या छपराखालीं, एखादी मोटार वर्षानुवर्षें उभी असते. तिच्यावर विटक्या सतरंजीचें पांघरूण असतें, मागील आसनावर मांजराचा संसार थाटलेला असतो, आणि घरांतील प्रत्येक पिढी ‘एकदां ती चालू करून पाहूं’ असें म्हणत असते. तो ‘एकदां’ बहुधा एखाद्या सणाच्या दिवशीं, पाहुण्यांच्या गर्दींत, अवचित उजाडतो. आणि त्याच दिवशीं गाडीचा घात होतो. तो कसा टाळावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कुरखेडा हें गडचिरोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. जवळून सती नदी वाहते. भोंवतीं धानाच्या बांध्या, आणि त्यांपलीकडे साग, ऐन व मोह यांचें रान. १९८२ सालीं जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. आगगाडी गांठावयाची तर वडसा, आणि त्याहूनही पुढें जावयाचें तर वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी. आमचे थोरले काका येथें डॉक्टरकी करीत. त्यांच्या पांढऱ्या अँबॅसॅडरनें या वाटेवरून किती अडलेल्या बायका आणि तापानें फणफणलेलीं किती पोरें नेलीं, याची गणती नाहीं. काका वारले आणि गाडी छपराखालीं उभी राहिली, ती तब्बल अकरा वर्षें.

गेल्या दिवाळींत सारें कुटुंब जमलें असतां काकूंनीं एकाएकीं सांगितलें, “महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचं आहे. याच गाडीनं. नाहीं तर मी घरींच बरी.” काकूंचें वय ब्याऐंशी. त्यांचा पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा नातू लगेच बाह्या सरसावून उठला. “आजी, नवी बॅटरी घालतों, चौघे मिळून धक्का मारतों, आणि संध्याकाळीं तुला फिरवून आणतों.”

काकू म्हणाल्या, “अरे, महिनाभर अंथरुणाला खिळलेला माणूस उठला, तर त्याला पहिल्या दिवशीं पुरणपोळी वाढतात का? आधीं पेज देतात.”

हें वाक्य कानीं पडलें आणि आम्हांस आमचें जुनें पाप आठवलें. तीस वर्षांपूर्वीं वडिलांची मोटार अशीच सहा वर्षें उभी होती. दसऱ्यास तिची पूजा झाली, आणि उत्साहाच्या भरांत आम्हीं तिला दुसऱ्या गाडीमागें दोर बांधून ओढविलें, गीअर टाकला व क्लच सोडला. इंजिन दोन फेरे फिरलें, आंतून हातोडा बसल्यासारखा आवाज झाला, आणि त्यानंतर तें कधींच फिरलें नाहीं. एक व्हॉल्व्ह गंजानें उघडाच अडकला होता. वर येणाऱ्या पिस्टननें त्यास धडक दिली आणि पिस्टन फुटला. वडील आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत. गाडी भंगारांत गेली त्या दिवशीं मात्र ते जेवले नाहींत.

झोपेंत काय घडतें?

चालत्या इंजिनाच्या प्रत्येक घासणाऱ्या भागावर तेलाचा पातळ थर असतो. इंजिन उभें राहिलें कीं हें तेल हळूहळू तळाशीं उतरतें आणि वरचें लोखंड उघडें पडतें. आमच्याकडे चार महिने पावसाची झड असते. ती दमट हवा सायलेन्सरच्या वाटेनें, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरपर्यंत पोंचते. पिस्टनभोंवतींच्या पोलादी कड्या सिलिंडरच्या भिंतीस गंजानें चिकटून बसतात. अशा वेळीं स्टार्टरचा किंवा धक्क्याचा जोर लावला, तर कडी तुटते किंवा भिंतीवर ओरखडा पडतो, आणि चार दिवसांनीं सुटणारें काम इंजिन उघडण्यापर्यंत जातें.

पेट्रोलचीही तीच गत. त्यांतील हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा व्हार्निशासारखा चिकट राप कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. त्यांत हल्लींच्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल फार झाली कीं तें पाण्यासह निराळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें आणि पत्रा खाऊं लागतें. जुन्या घडणीच्या रबरी नळ्यांसही तें सोसत नाहीं. अँबॅसॅडर ही विलायती मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, हुगळीकाठीं उत्तरपाडा येथें घडलेली गाडी. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्या जुन्या नळ्या या इंधनासाठीं केलेल्याच नव्हत्या. तेव्हां इंजिनाचा विचार करण्याआधीं त्या सर्व बदलाव्या, हें उत्तम.

किल्लीस हात लावण्यापूर्वीं

पहिलें काम विजेरी व लांब काठी घेऊन करावयाचें. आमच्या भागांत अशा गाडीच्या आसनाखालीं किंवा इंजिनाच्या कोनाड्यांत साप सहज आढळतो. काठीनें सर्व ठोकून पाहिल्यावांचून हात घालूं नये. आम्हांस साप मिळाला नाहीं, उंदरांचें घरटें मात्र मिळालें. हवेच्या फिल्टरांत सतरंजीचे धागे आणि धानाचा कोंडा ठांसून भरलेला, आणि दोन तारांचें वेष्टन कुरतडलेलें. तसेंच सुरू केलें असतें तर तो सारा कोंडा इंजिनाच्या पोटांत गेला असता, आणि उघड्या तारांची ठिणगी पेट्रोलशेजारीं पडली असती.

यानंतर गाडी ढकलून मोकळ्या अंगणांत आणावी. बंद छपराखालीं इंजिन मुळींच चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस ना रंग ना वास. माणसास गुंगी येते आणि काय झालें हें कळण्यापूर्वींच प्राण जातो. पेट्रोल काढतांना बॅटरी गाडीबाहेर असावी, जवळ वाळूच्या बादल्या आणि पावडरचें अग्निशामक नळकांडें असावें, आणि मुलांनीं ओसरीवरूनच पाहावें. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकूं नये. जळतें पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतें. जुनें पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यांत काढावें. गटारांत किंवा विहिरीच्या आसपास ओतूं नये.

तेल मापण्याची पट्टी ओढून पाहावी. तेल नुसतें काळें असेल तर तें बदलून भागतें. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे असें समजून मिस्त्रीस बोलवावें. रेडिएटरचें पाणी, रबरी नळ्या आणि पंख्याचा पट्टा ही मंडळीही याच वेळीं तपासून घ्यावीं. नवी बॅटरी जोडण्यापूर्वीं तिचें कोणतें टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें होतें हें नीट पाहावें. कांहीं जुन्या विलायती घडणीच्या गाड्यांत धन टोक सांगाड्यास असे, आणि उलट जोडणी महागांत पडते.

हातानें फिरविणें

आतां चारही स्पार्क प्लग काढावे. त्यांच्या तारांस आधीं क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या, नाहीं तर पुढें कोणती कोठें हा घोळ होतो. प्रत्येक सिलिंडरमध्यें चमचाभर इंजिनचें तेल सोडून दोन दिवस गाडीस विसरून जावें. तिसऱ्या दिवशीं गीअर न्यूट्रलमध्यें ठेवून, समोरून हॅण्डल घालून, अगदीं हलक्या हातानें फिरवून पाहावें. हॅण्डल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठींत गुंडाळूं नये. आणि जोर खालीं दाबण्याचा नव्हे, वर ओढण्याचा असावा. प्लग लावलेले असतांना इंजिन उलट झटका देतें, त्यानें मनगट मोडतें. म्हणून ही संवय पहिल्यापासूनच हातीं बसवावी.

आमचें हॅण्डल तिसऱ्या दिवशीं हललें नाहीं. नातवानें त्यावर लोखंडी नळी चढवून लांबी वाढविण्याची तयारी केली होती. वडश्याहून आलेल्या वृद्ध मिस्त्रींनीं ती नळी त्याच्या हातून काढून कुंपणाशीं ठेविली. इंजिनचें तेल व रॉकेल एकत्र करून तें आणखी थोडें सोडलें, आणि पुन्हां वाट पाहिली. काकू रोज दिवेलागणीस ओसरीवरून विचारीत, “हललं का रे?” आणि रोज ‘नाहीं’ म्हणावें लागे. सहाव्या दिवशीं हॅण्डल बोटभर सरकलें. त्या दिवशीं आम्हीं अधिक कांहींच केलें नाहीं. सातव्या दिवशीं पुरा फेरा झाला, आणि नातू ओरडत घरांत धांवला, तो काकूंच्या पूजेंतच.

पुरा फेरा झाला म्हणून सर्व साधलें असें नव्हे. वरचें टॅपेटचें झाकण काढून, कोणीतरी हॅण्डल हळू फिरवीत असतां आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. आमच्या गाडींत तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह खालीं जाऊन खालींच राहत होता. वडिलांच्या गाडीचा घात अशाच एका व्हॉल्व्हनें केला होता. तेल सोडून आणि लांकडी दांड्यानें हलकेच टिचकावून दोन दिवसांत तो मोकळा झाला. पाव तासाची ही पाहणी आम्हीं तीस वर्षांपूर्वीं केली नव्हती.

पहिली धडधड

नवें तेल व नवा फिल्टर घातल्यावर, प्लग बाहेरच ठेवून, स्टार्टरनें इंजिन थोडें थोडें फिरवावें. त्यापूर्वीं कॉइलची तार सोडून ठेवावी, म्हणजे ठिणगीचें भय नाहीं. तेलाच्या दाबाचा कांटा उचलला किंवा तांबडा दिवा विझला, कीं तेल वरपर्यंत पोंचलें असें समजावें. मग डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बारीक पॉलिश कागदानें साफ करून प्लग लावावे. कार्ब्युरेटर धुऊन घ्यावा आणि नवें पेट्रोल त्याच्या नेहमींच्या वाटेनेंच येऊं द्यावें. वरून कार्ब्युरेटरच्या तोंडांत पेट्रोल ओतण्याची चाल फार पसरलेली आहे. इंजिनानें उलटा भडका दिला तर तो थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो.

इंजिन पेटलें कीं ॲक्सिलरेटर दाबून गुरगुरविण्याचा मोह आवरावा. पहिले दहा सेकंद फक्त तेलाच्या दाबाकडे पाहावें; दाब दिसला नाहीं तर तत्काळ बंद करावें. आरंभीं निळसर धूर येणारच, कारण सिलिंडरांत सोडलेलें तेल जळत असतें. तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरला पाहिजे. तोंवर एकानें पेट्रोल, पाणी व तेल कोठें गळतें का तें पाहावें आणि दुसऱ्यानें कान देऊन आवाज ऐकावा.

आमचें इंजिन माघांतल्या एका सकाळीं तिसऱ्या खेपेस पेटलें. काकू पदरानें डोळे पुसत एवढेंच म्हणाल्या, “रात्रीं अपरात्रीं हाच आवाज दारांतून निघायचा.”

थांबतां आलें पाहिजे

लोकांचें सारें लक्ष गाडी चालू होण्याकडे असतें. ती थांबेल कीं नाहीं याचा विचार थोडे करतात. ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषतें आणि चाकांतील लहान सिलिंडर आंतून गंजतात. पायाखालीं ब्रेक घट्ट लागला तरी पहिल्या उतारावर तो दगा देऊं शकतो. म्हणून ब्रेकचीं रबरें, नळ्या व तेल सर्व नवें केल्यावांचून फाटकाबाहेर पडूं नये. टायरवर नक्षी शिल्लक दिसली तरी जुनें रबर तडकलेलें असतें, तेंही बदलावें.

कागदपत्रांचेंही तसेंच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ सालच्या नियमांनीं वेगळी नोंदणी ठेविली आहे, पण ती रोजच्या वापरासाठीं नाहीं. आणि आमच्या गाडीस पन्नास भरावयास अजून अवकाश आहे. तेव्हां नेहमींचीच वाट धरावी लागली.

महाशिवरात्र आली तेव्हां ब्रेक झाले होते, पण कागद आले नव्हते. नातू म्हणाला, “आजी, एका दिवसांत कोण पाहतंय?” काकूंनीं नकार दिला. “त्यांनीं इतकी वर्षं गाडी चालवली, कधीं कुणापुढं मान खालीं घालावी लागली नाहीं.” त्या दिवशीं त्यांनीं अंगणांत गाडींत बसून दहा मिनिटें इंजिन ऐकलें आणि घरींच अभिषेक केला.

कागद चैत्रांत आले. वैनगंगा जेथें उत्तरेकडे वळते त्या मार्कंड्याच्या देवळांत आम्ही पोंचलों तेव्हां जत्रा केव्हांच उठून गेली होती, आणि घाटावर चार माणसेंही नव्हतीं. वाटेंत दोनदां थांबून आम्हीं तेल-पाणी पाहिलें. काकू दर्शन घेऊन सावकाश पायऱ्या उतरल्या आणि म्हणाल्या, “गर्दी नव्हती तें बरंच झालं. देव निवांत भेटला.”

परत आल्यावर आठवड्याच्या आंत इंजिनाचें तेल पुन्हां बदललें; पहिल्या तेलांत आंतला सारा गाळ उतरलेला असतो. आतां दर पंधरवड्यास गाडी वडशापर्यंत जाऊन येते. वाचकांपैकीं ज्यांच्या छपराखालीं अशी गाडी उभी असेल, त्यांनीं येत्या दसऱ्यास तिची पूजा अवश्य करावी. हळदकुंकू वाहावें, झेंडूची माळ घालावी. किल्ली मात्र त्या दिवशीं खिशांतच राहूं द्यावी.