गाडी आपली, किल्ली कोणाची?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची दिसेनाशी झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही काळी-पिवळी निवृत्त झाली. वृत्तपत्रांतून हळवे लेख आले. तिच्याबरोबर काय गेले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पद्मिनीचे बॉनेट उघडले की सारे यंत्र डोळ्यांना दिसे. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर जेट काढून फुंकर मारावी. ठिणगी पडेना तर पॉइंट पॉलिश पेपरने घासावेत. घाटात इंजिन तापले, तर बाटलीभर पाणी आणि अर्धा तास सावली! शाळा अर्धवट सोडलेला गॅरेजवाला नुसत्या आवाजावरून दोष सांगे. ती विद्या कोणाही एकाच्या मालकीची नव्हती.

आज डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडल्याखेरीज त्याचे कारण कळत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूपुढे मालकच परका ठरतो. माझ्यासारख्याला साधी जुनी गाडी हवीशी वाटते ती यासाठीच.

नव्या गाड्यांनी धूर कमी केला, एअरबॅगने प्राण वाचवले, हे मान्यच आहे. (पद्मिनीमागे सिग्नलला उभे राहिलेले तर ते नाकारणारच नाहीत.) आक्षेप आहे तो तंत्रज्ञानाला घातलेल्या कुलपाला. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तीत मोटारींचाही विचार झाला; संकेतस्थळही निघाले. तेवढ्यावर न थांबता दोषसंकेत आणि दुरुस्तीपुस्तिका कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही देण्याची सक्ती कंपन्यांवर व्हायला हवी.