दुखण्यालाही मातृभाषा असते

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की शाळा, दुकानांवरील फलक आणि सरकारी कागद यांचीच चर्चा होते. रुग्णालयाचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वास्तविक माणूस सर्वाधिक असहाय असतो तो रुग्णशय्येवर. हातपाय चालत नाहीत, माणसे जवळ नसतात. जवळ उरते ती केवळ भाषा. तीच समोरच्याला कळेनाशी झाली तर उत्तम शस्त्रक्रियाही रुग्णाला वेदनेतून सोडवू शकत नाही. आमच्या कुटुंबाने हे गेल्या पावसाळ्यात अनुभवले, म्हणून त्याविषयी लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या आत्या ऐंशी ओलांडलेल्या. अंगणातील शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. बेळगावातील एका खासगी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, हे न्यायबुद्धीने प्रथम सांगितले पाहिजे. आमची तक्रार आहे ती नंतरच्या शुश्रूषेबद्दल. आत्यांना अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. नातेवाइकांना सकाळी व संध्याकाळी पंधरा मिनिटे भेटीची मुभा. दुसऱ्या दिवसापासून त्या एकच वाक्य सांगत होत्या : ‘पाठीखाली आग व्हायलीय.’ परिचारिकेने त्याचा अर्थ ताप असा घेतला. ताप मोजला; तो नव्हता. तेव्हा नोंदीत ‘तक्रार नाही’ असे लिहिले गेले. आम्ही इंग्रजीत आणि जमेल तशा कन्नडमध्ये समजावू पाहिले, तर ‘वयामुळे बडबडतात’ असे उत्तर मिळाले. चौथ्या दिवशी त्यांना सामान्य कक्षात हलविले. तेथील मराठी जाणणाऱ्या एका परिचारिकेने ते वाक्य ऐकले मात्र, तत्काळ त्यांना कुशीवर वळविले. माकडहाडावर शय्याव्रण झाला होता. तो भरून येण्यास पुढे दोन महिने लागले.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास हाडावरील कातडीचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि जखम होते. व्रण दिसण्याआधी अनेकदा त्या जागी आग होऊ लागते. म्हणजे आत्यांनी रोगलक्षण अचूक सांगितले होते. ऐकणारे कान मात्र त्या भाषेचे नव्हते.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, ते पाहावे. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सल राहतो, मुरडा पडतो, मुंग्या येतात, जळजळ होते, आग होते. हे अलंकार नव्हेत. प्रत्येक शब्द वेगळी वेदना दाखवितो. ठणक्यावरून सूज वा पू यांचा संशय येतो, मुंग्यांवरून नसेचा. ‘दुखते’ या एका शब्दात, किंवा इंग्रजीतील ‘पेन’मध्ये, हे सारे कोंबले की निदानाचा धागाच तुटतो. शिवाय वार्धक्यात आणि गुंगीत मागाहून शिकलेल्या भाषा अनेकदा मागे सरतात आणि बोलणे बालपणीच्या भाषेकडे वळते. तेव्हा ‘इतकी वर्षे येथे राहून कन्नड का येत नाही?’ हा प्रश्न रुग्णशय्येपाशी विचारणे निर्दयपणाचे आहे.

आमचा रोख कन्नड भाषेवर नाही, हे स्पष्ट करतो. कन्नडमध्ये आग होण्याला ‘उरी’ हा नेमका शब्द आहे. अक्कलकोट किंवा जत तालुक्यातील एखादी कन्नडभाषक आजी ‘उरी’ म्हणून कण्हत असेल आणि महाराष्ट्रातील परिचारिकेला ते कळत नसेल, तर तो अन्यायही याच जातीचा. जे आम्ही बेळगावात मागतो ते तेथे तिला मिळाले पाहिजे; अन्यथा आमच्या मागणीला नैतिक बळ उरणार नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडे नाही, असेही नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आत्यांचा अंगठा ज्या संमतिपत्रावर घेतला, ते कन्नड व इंग्रजीत होते. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचे तत्त्व आहे. न कळणाऱ्या कागदावरील अंगठ्याला संमती कसे म्हणावे?

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागतच आहे. परंतु खुबा मोडलेल्या वृद्धेला शंभराहून अधिक किलोमीटर दूर कोल्हापूरला नेणे सर्वांना शक्य नसते. उपचार जेथे होतात तेथेच भाषेची सोय हवी.

आमच्या मागण्या माफक आहेत. संमतिपत्र, घरी सोडतानाच्या सूचना आणि रुग्णहक्कांचा फलक मराठीतही असावा. प्रत्येक पाळीत मराठी जाणणारी एक तरी व्यक्ती कक्षात असावी. बेळगावसारख्या शहरात अशी माणसे शोधावी लागत नाहीत. दुखण्याचे पंचवीस-तीस मराठी शब्द अर्थासह लिहिलेला एक कागद परिचारिकांच्या मेजावर असावा. भाषेची अडचण असलेल्या वृद्धाजवळ, अतिदक्षता विभागातही, नातेवाइकाला अधिक वेळ थांबू द्यावे. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

वाचकांना विनंती अशी की, असा प्रसंग आल्यास तोंडी बोलून थांबू नये. रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, दिनांक व वेळेसह लिहून द्यावे आणि पोहोच घ्यावी. उपचाराच्या नोंदींची प्रत लेखी मागावी. ती ७२ तासांत मिळणे हा आपला हक्क आहे. समाधान न झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी, आणि ती मराठीतच करावी. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. आम्ही आमची तक्रार मराठीत दिली आहे. अशा तक्रारी एकेक करून फायलीला लागल्या, तरच सीमाभागातील रुग्णालयांना आपली गरज नाकारता येणार नाही.