जीपचे इंजिन घरी खोलताना



१९९८ साली मी आमच्या जुन्या जीपचे चार सिलिंडरचे इंजिन अंगणातच खोलले. कनेक्टिंग रॉडच्या साऱ्या कॅपा एकाच घमेल्यात टाकल्या. जोडताना त्यांची अदलाबदल झाली. पहिल्याच घाटात बेअरिंग जळाले आणि लेकराबाळांसह रात्र रस्त्यावर काढावी लागली.

रॉड आणि त्याची कॅप एकत्र जोडूनच भोक गोल केलेले असते. दुसऱ्याची कॅप बसते, पण भोक गोल राहत नाही. म्हणून खोलण्यापूर्वी दोन्हींवर एकाच बाजूला पंचाने खुणा कराव्यात: पहिल्याला एक ठिपका, चौथ्याला चार. जोडताना बेअरिंगला तेल लावावे. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. अडला, तर तिथेच थांबून खुणा तपासाव्यात.