संताप कागदावर उतरवा



कापूस विकून पुण्या-नागपुरात पोरांच्या खोलीची अनामत भरायची आणि खोली सोडल्यावर मालकाने 'पैसे रंगरंगोटीत गेले' म्हणून हात वर करायचे, हे आता गावोगाव ऐकू येते. रक्त तापणारच. पण शिवीगाळ केली, दार फोडले, की पैसे बुडवणारा फिर्यादी होतो आणि आपण आरोपी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ पाहा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. वर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तेव्हा रक्कम आणि तारीख घालून स्पीड पोस्टाने मागणीपत्र धाडा, पावती जपा. मग वकिलाची नोटीस, मग दावा. तोही तीन वर्षांच्या आत. खोली मुलीच्या नावावर असेल तर तिला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

आम्ही राग गिळा म्हणत नाही. पैसे वसूल होईतो तो धगधगता ठेवा, पण कायद्याच्या चुलीत.