फाटकाच्या पलीकडे

पुण्यातल्या एका शाळेत बाईंनी नऊ वर्षं शिशुवर्ग सांभाळला होता. जूनमध्ये फाटकाशी उभं राहायचं, रडणारं मूल आईच्या कडेवरून उचलायचं आणि ‘तुम्ही निघा, दोन मिनिटांत गप्प होईल’ असं आईला सांगायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मग नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी मिळाली आणि चार वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा यांच्यासाठी बाई स्वतःच शाळा शोधू लागल्या.

तिथे या शाळेला ‘किटा’ म्हणतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क जर्मनीच्या कायद्याने २०१३ साली दिला आणि २०१८ पासून बर्लिनने पालकांकडून फी घेणंही थांबवलं. पण हक्काचा कागद हातात असला तरी रिकामी जागा ज्याने त्याने शोधायची! एरवी प्रवेशाच्या टेबलामागे बसणाऱ्या बाई आता टेबलापुढे उभ्या राहिल्या. गोवरची लस टोचल्याचा दाखलाही द्यावा लागला.

जागा मिळाली, तेव्हा तिथल्या शिक्षिकेने सांगितलं, ‘पहिले तीन दिवस तुम्ही मुलाबरोबर तासभर वर्गात बसा. चौथ्या दिवशी त्याचा निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जा. नजर चुकवून मात्र निघायचं नाही.’

बाईंना हे लाडच वाटले. तीन दिवस त्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. चौथ्या दिवशी ‘येते हं’ म्हणून बाहेर पडल्या आणि आतून मुलाचा हंबरडा ऐकू आला. दोन मिनिटांत गप्प होईल, असं त्या स्वतःला बजावत होत्या. दोन मिनिटांनी शिक्षिकाच दार उघडून म्हणाली, ‘आत या. आज एवढंच पुरे.’ मूल मांडीवर शांत झालं. बाईंचे डोळे मात्र भरून आले. नऊ वर्षांत फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या कितीतरी आया त्यांना आठवल्या.

मुलगा रुळायला चार आठवडे लागले. अक्षरं, आकडे कोणी शिकवत नव्हतं. पाऊस असला तरी मुलं रबरी विजारी घालून चिखलात खेळत. ‘अजून पाटीसुद्धा नाही?’ सासूबाई फोनवर विचारत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेल्या कामावर बाईंनी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. वर्गात मात्र त्या पहिल्याच महिन्यात ‘अ’ गिरवून घेत.

मुलगी रडली नाही, पण महिनाभर तिथे एक शब्द बोलली नाही. बाईंनी धसका घेऊन विचारलं, ‘आम्ही घरी जर्मन बोलू का?’

‘नको,’ शिक्षिका म्हणाली. ‘जर्मन ती इथे शिकेल. घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा.’

त्या रात्री बाईंनी पुण्याच्या सहशिक्षिकेला फोन लावला.

‘अगं, पोळीभाजी केंद्र चालवतात ना, त्या मुलाच्या आई? पालकसभेत मी त्यांना घरी इंग्रजीच बोला म्हटलं होतं. बिचाऱ्या मान डोलावून गप्प बसल्या. भेटल्या तर सांग, माझं चुकलं. मराठीतच बोला म्हणावं.’

‘सांगते. आणखी काही?’

‘जूनमध्ये आयांना थोडे दिवस वर्गात बसू द्यायला हवं गं.’

‘चाळीस मुलं आहेत माझ्या वर्गात. चाळीस आया कुठे बसवू?’

ते खरंच होतं. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत.

‘रोज दहाच मुलं नवी घेतली तर? दहा आया मावतील.’

‘मुख्याध्यापिकाबाईंना विचारून बघते,’ मैत्रीण म्हणाली. ‘पण पत्र तू लिहून पाठव. माझं एकटीचं ऐकणार नाहीत त्या.’

बाईंनी मुलीच्या वहीतला एक कागद फाडून घेतला.